श्वास कोंडायची सवय

मुलीला परत आणायला मी मालवणला गेले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण तिथे गेल्यावर मी जे केलं ते ऐकून कुणालाही वाटेल की बाई हौसेने समुद्रात उतरली. मला हौस नव्हती. पांढुर्ण्याच्या शाळेत पोरांना पाढे घोकवण्यात पंचवीस वर्षं घालवलेल्या बाईला पाठीवर हवेची टाकी बांधून मासे बघायची हौस कुठून येणार?

आमची मुलगी नागपुरात शिकली, मैत्रिणींबरोबर कोकणात सहलीला गेली आणि तिथे एकदा पाण्याखाली जाऊन आली. त्यानंतर तिला दुसरं काही सुचेना. शिक्षण संपल्या संपल्या ती परत तिकडे गेली, प्रशिक्षण घेतलं, परीक्षा दिली आणि लोकांना समुद्राखाली नेऊन आणायच्या कामाला लागली. ज्यांना पोहता येत नाही, ज्यांनी समुद्रच पहिल्यांदा पाहिलाय, अशांना किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातलं कोरल दाखवायचं आणि सुखरूप वर आणायचं, हे तिचं काम. कुणी विचारलं की तिचे बाबा "पर्यटनात आहे" एवढंच सांगायचे आणि लगेच विषय संत्र्याच्या बहाराकडे वळवायचे.

दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा ते मला म्हणाले, "तू जाय, अन् तिले घेऊनच ये."

"अन् नाही आली तं?"

"पोहाले कोनं शिकवलं तिले? तूच ना? मंग तूच आण."

रामाकोन्याला माझ्या माहेरच्या संत्र्याच्या बागेत विहीर आहे. मी तिथेच पोहायला शिकले आणि मुलीलाही तिथेच शिकवलं, पाठीला प्लास्टिकचा डबा बांधून. आमच्याकडे विहिरीत पोहायचा पहिला धडा एकच असतो. छाती भरून घे, तोंड मीट आणि डोकं वर येईस्तोवर श्वास सोडू नको. हे वाक्य मी तिला इतक्या वेळा ऐकवलं होतं की ती माझी नक्कल करून दाखवायची.

म्हणजे पाण्याची मला भीती नाही. माझी भीती वेगळी आहे. पाण्याखाली दुसरं कोणी असलं आणि मी काठावर असले, की माझे हातपाय गार पडतात.

त्याचं कारणही तीच विहीर. पंपाच्या पाइपाच्या टोकाला जाळी असते, तिच्यात गाळ आणि पाला अडकला की पाणी चढत नाही. मग माझे वडील बुडी मारून ती जाळी मोकळी करायचे. काठावर मला बसवायचे. त्यांची पद्धत अशी, की खाली उतरताना मी हाक मारायची आणि त्यांनी ओ द्यायची. पण पाण्यात बुडालेला माणूस ओ कशी देणार? तेवढा वेळ काय करायचं हे मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी माझ्यापुरती एक युक्ती काढली. ते बुडाले की मीही श्वास कोंडायची. मला अगदीच असह्य झालं, की समजायचं आता त्यांनाही असह्य झालं असणार, आता ते वर येतील. आणि ते यायचे. एकदा आले नाहीत. माझा श्वास सुटला, मी दुसऱ्यांदा कोंडला, तोही सुटला, तरी पाणी जसंच्या तसं. मी बोंब मारली तशी बागेतली सगळी माणसं धावत आली. तोवर वडील वर येऊन, पाइपाला धरून, ही पोरगी कशाला ओरडतेय म्हणून माझ्याकडे बघत होते. पुढे ते चांगले म्हातारे होऊन खाटेवर गेले, पण माझी सवय काही गेली नाही. टीव्हीवर कोणी पाण्यात पडलं तरी माझा श्वास थांबतो.

आता अशा बाईची मुलगी रोज चार-पाच वेळा समुद्राच्या तळाला जाते. फोन केला की लागत नाही. लागत नाही म्हणजे ती खाली आहे, हे मला कळायचं, आणि ती वर येऊन फोन करेपर्यंत वर्गात मी कुठला पाठ घेतला याची मला शुद्ध नसायची. तीन वर्षं मी अशी काढली होती. तेव्हा तिला आणायला मी केवळ तिच्या बाबांच्या सांगण्यावरून गेले नव्हते.

घरून निघताना पिशवीभर संत्री घेतली, नागपूरहून कोकणात जाणारी गाडी पकडली आणि कुडाळला उतरले. मुलगी घ्यायला आली होती. काळी ठिक्कर, दंड मजबूत, केसांचं पार गवत झालेलं. तिला बघून मला रडू आलं. तिने माझी पिशवी एका बोटावर उचलली आणि म्हणाली, "आई, तू एवढी वाळली काऊन?"

पहिल्याच संध्याकाळी मी विषय काढला. घरी चल, म्हटलं, सौंसरला शाळा आहेत, नोकरी मिळेल. ती भांडली नाही. नुसतं म्हणाली, "आधी एकदा माह्यासंग खाली चाल. मंग जे म्हणशीन ते."

मला वाटलं, सोपा सौदा आहे. पंधरा-वीस फूट पाणी. आमची विहीर याच्या दुप्पट खोल.

सकाळी मुलगी जिथे काम करायची तिथल्या मालकांनी एक कागद पुढे केला. मालक म्हणजे साठीचे कोळी गृहस्थ, होडीही तेच चालवायचे. कागदावर विचारलं होतं, दमा आहे का, हृदयाचा आजार आहे का, फिट येते का, कानाचं ऑपरेशन झालंय का. प्रत्येक प्रश्न वाचताना तो आजार मला होऊ लागला. खाली सही करायची होती, की जे होईल ते माझ्या जबाबदारीवर. माझी सही बँकेत चालणार नाही अशी आली. "काय होवचा नाय," मालक म्हणाले. असं म्हणणाऱ्या माणसांवर माझा विश्वास बसत नाही.

होडीत मुलीने मला तो रबरी पोशाख चढवला. चढवला म्हणजे कोंबला. कमरेला शिशाचे पट्टे, पाठीवर टाकी, डोळ्यांवर आणि नाकावर चष्मा, तोंडात नळी. मग ती माझ्यासमोर बसली आणि एकदम बाईंसारखी बोलायला लागली. तर्जनी आणि अंगठ्याचं वर्तुळ म्हणजे ठीक आहे. अंगठा वर म्हणजे वर जायचं. कान दुखले तर नाक दाबून फुंकायचं.

"अन् आता सगळ्यात मोठी गोष्ट," ती म्हणाली. "श्वास कोंडायचा नाही. कधीच नाही. घेत राहाचा, सोडत राहाचा. ही हवा दाबलेली आहे. तू ती छातीत कोंडून वर गेली, तं हवा फुगते अन् फुप्फुस फाटू शकते. विहिरीतलं सगळं विसर."

मी मान हलवली. वर्गात पोरं मला जशी मान हलवून दाखवतात तशी. त्यामागे किती समजलेलं असतं हे मला पंचवीस वर्षं माहीत आहे.

शिडीवरून उतरले. आधी दोरी धरून तोंड पाण्यात घालून श्वास घ्यायची सवय केली. नाक बंद, तोंडाने श्वास. शिट्टी व्हायच्या आधी कुकर जसा फुसफुसतो तसा माझाच श्वास माझ्या कानात येत होता. मुलीने मागून माझी टाकी धरली आणि आम्ही खाली जाऊ लागलो. मी दर हातभर खोलीला वर्तुळ करून दाखवत होते, पण आतून मला ओरडायचं होतं. दात नळीवर इतके गच्च दाबले की जबडा दुखायला लागला. वरची होडी काळी सावली झाली. मी सारखी वर बघत होते.

मग तळ आला. खोटं कशाला बोलू, मी पाहिलं ते सगळं सुंदर असणार, पण मला ते तसं दिसलं नाही. फुलकोबीच्या गड्ड्यांसारखे खडक, त्यांच्यातून ये-जा करणारे पट्ट्यापट्ट्यांचे मासे. एक मासा माझ्या चष्म्यासमोर येऊन थांबला आणि मला वाटलं, आता हा काच फोडणार. मुलगी कधी मागे, कधी बाजूला. मी तिचा हात सोडत नव्हते. तरी हळूहळू माझा श्वास जरा लयीत आला. तिलाही ते जाणवलं असावं. ती समोर आली, वर्तुळ करून विचारलं, मीही वर्तुळ केलं. आणि मग तिने मला खूश करायला, लहानपणी मला गोट्यांचे खेळ दाखवायची तसं, तोंडातली नळी काढली.

ती पाण्याखाली पंधरा फुटांवर होती, तिच्या तोंडात नळी नव्हती, आणि ती हसत होती. तिने ओठांचा चंबू करून हवेची एक गोल कडी सोडली. ती कडी मोठी होत वर गेली. ते ती पाहुण्यांना रोज दाखवत असे, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं, की माझं लेकरू पाण्यात आहे आणि त्याच्याजवळ श्वास नाही. माझा श्वास बंद झाला. मी ठरवून केलं नाही, तो आपोआप थांबला, विहिरीच्या काठावर थांबायचा तसा. मी तिचा दंड दोन्ही हातांनी पकडला, पायांनी तळ ढकलला आणि तिला घेऊन वर निघाले. छाती भरलेली, तोंड मिटलेलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. तिची नळी मागे लोंबत होती आणि मी तिचा हात धरल्यामुळे तिला ती सापडत नव्हती. मग दुसऱ्या हाताने तिने ती चाचपून शोधली, तोंडात घातली आणि मला खाली ओढलं. माझी स्वतःची मुलगी मला खाली ओढत होती. मी लाथा मारल्या. ती माझ्या पट्ट्याला लोंबकळली आणि तिने माझ्या पोटात बोटं खुपसली, जोरात, पुन्हा पुन्हा. तिचा चेहरा माझ्या चष्म्याला चिकटलेला. तिच्या नळीतून बुडबुडे निघत होते, एकसारखे, मुद्दाम, हे बघ, असं सोड, असं. मी मरतेय असं मला अगदी शांतपणे वाटलं. मग पोटातल्या त्या बोटांनी कुठेतरी गाठ सुटली आणि माझ्या तोंडून हवा भसकन बाहेर पडली. ती मला हळूहळू वर घेऊन आली, हातभर अंतराला थांबत, प्रत्येक वेळी श्वास सोडायला लावत.

होडीत ती माझ्यावर ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा. "कोंडला तू श्वास! किती वेळा सांगतलं होतं तुले! फाटलं असतं फुप्फुस, मेली असती तू!" मालकांनी माझी नाडी बघितली, छातीत दुखतं का विचारलं, रक्त थुंकते का ते बघितलं. मी ठीक होते. तेव्हा मुलगी होडीच्या कडेला बसली, पट्टे सोडायला लागली आणि तिला ते सोडवेनात. "मीच नळी काढली," ती म्हणाली. "चूक माही आहे. तुले काही झालं असतं तं?" आणि मग, किनारा येता येता, "येते मी घरी. नाही करत हे काम."

मला आनंद झाला. ओल्या अंगाने, उलटी गळ्याशी आलेली असताना मला आनंद झाला, हे मी लपवणार नाही. किनाऱ्यावर पाय टेकल्याबरोबर तिच्या बाबांना फोन केला, "येते म्हणते." ते एवढे खूश झाले की दोघींच्या तिकिटांचं त्याच दिवशी बघायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहलीची एक मंडळी आली. मालकांनी मुलीला जाताजाता एवढी फेरी करून दे म्हटलं. मीही होडीत बसले. तिने सामान चढवलं, कडेला जाऊन बसली, पाण्याकडे पाहिलं आणि सामान उतरवलं. "डोकं दुखून राहिलं," म्हणाली. तिच्याऐवजी तिच्याबरोबर काम करणारी दुसरी मुलगी एका काकूंना घेऊन खाली गेली. आमची होडीच्या काठाला धरून उभी राहिली आणि बुडबुड्यांकडे बघू लागली.

मी तिच्याकडे बघत होते. तिची छाती हलत नव्हती. ओठ मिटलेले, गळ्याच्या शिरा ताठ. बराच वेळ गेला आणि तिने भसकन श्वास सोडला. मग पुन्हा घेतला आणि पुन्हा कोंडला.

हे मला ओळखू आलं नसतं तर नवलच. मला आजवर वाटत होतं की माझी भीती माझ्यापुरती आहे, मी ती सोसते, कुणाला त्रास देत नाही. ती मी चांगल्या धडधाकट पोरीला एका दिवसात देऊन टाकली होती. असं घेऊन ती सौंसरच्या शाळेत जाणार, पुढे तिला मूल होणार, आणि त्या मुलालाही ती काठावर बसवणार. मला स्वतःचा इतका राग आला की मी मोठ्याने "छे" म्हटलं. शेजारचे गृहस्थ दचकले.

मंडळी परत गेल्यावर मी मालकांना म्हटलं, "मला पुन्हा खाली जायचंय."

"नाही," मुलगी म्हणाली.

"मग मी या मालककाकांबरोबर जाते. ते नेतील."

"आई, तू वेडी झाली का? काल काय झालं ते पायलं ना?"

"पायलं. म्हणूनच."

मालकांनी दोघींकडे बघितलं, मला पुन्हा तपासलं आणि म्हणाले, मी स्वतः बरोबर उतरतो, पंधरा फुटांपुढे नाही. मुलगी सामान चढवू लागली. मला दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला ती तयार नव्हती, हे मला माहीत होतं. शिक्षकी पेशात माणूस थोडा लबाड होतोच.

काल मला धोका काय असतो ते ठाऊक नव्हतं. आज ठाऊक होतं. शिडीच्या प्रत्येक पायरीला परत फिर, असं मन म्हणत होतं. मुलीने टाकी इतकी घट्ट धरली होती की मला मान हलवता येईना. खाली जाताना मी फक्त एकच काम केलं. श्वास घेतला, सोडला. घेतला, सोडला. पहिलीच्या पोरांना उजळणी म्हणायला लावतात तसं मनात म्हणत राहिले. मासे पाहिले नाहीत, खडक पाहिले नाहीत.

तळाला टेकल्यावर मी मागे वळले. चष्म्याआडचे तिचे डोळे मोठे झाले होते. मी तिच्या तोंडातल्या नळीकडे बोट दाखवलं, मग हवेत एक गोल काढला. तिने जोरात मान हलवली. नाही. मी पुन्हा दाखवलं. तिने मालकांकडे पाहिलं. ते हातभर अंतरावर होते, त्यांनी माझ्या टाकीला हात लावला आणि वर्तुळ करून दाखवलं.

तिने नळी काढली.

मी माझा हात माझ्याच हाताने धरून ठेवला होता, तिच्या दंडाकडे जाऊ नये म्हणून. श्वास आत घेतला आणि तो आतच थांबला. एक क्षण, फार तर दोन. तिच्या तोंडात नळी नव्हती, ती माझ्याकडे बघत होती, माझ्या बुडबुड्यांची वाट बघत होती. तेव्हा मी तो सोडला. तिचा श्वास बंद असताना मी माझा चालू ठेवला. आई म्हणून इतकं वाईट मला कधी वाटलं नाही, पण मी तो चालू ठेवला. घेतला, सोडला. तिच्या ओठांतून कडी निघाली, वाकडीतिकडी, आणि लगेच फुटली. तिने नळी तोंडात घातली. मग माझी टाकी सोडून ती माझ्यापासून दोन हात लांब गेली, आणखी दोन हात गेली, खडकाला वळसा घातला, आणि मी तिला जाऊ दिलं.

वर आल्यावर तिने माझे पट्टे एका झटक्यात सोडले. दुपारच्या मंडळीला घेऊन ती खाली गेली तेव्हा मी किनाऱ्यावर होते आणि तिचा फोन लागत नव्हता.

संध्याकाळी तिच्या बाबांचा फोन आला. "तिकिटं झाली का?"

"माह्या एकटीचं झालं."

"अन् ती?"

"ती नाही येऊन राहिली. मीच नको म्हटलं."

"मंग तू गेली कायले होती? अन् काल येते म्हटली, आज नाही म्हणतं. एवढे दिवस तिथं करून काय राहिली होती?"

"काल मी तिच्या मनात भेव घातलं होतं," मी म्हटलं. "आज ते काढाले थांबली."